मदत हवी आहे: परसातला जुना संडासाचा खड्डा नेमका कुठे शोधावा?

नमस्कार मंडळी,

मध्य न्यू जर्सीतल्या एका जुन्या गावात आम्ही घर घेतलंय. दुमजली, लाकडी, कागदोपत्री १८८०च्या दशकातलं. वांग्या-टोमॅटोचे वाफे खणताना औषधाच्या बाटलीचा तुकडा निघाला. त्यावर उठावदार अक्षरांत गावातल्याच कुणा औषधविक्याचं नाव आहे. त्यानंतर वाचत गेलो आणि कळलं की इथे नळ-गटार येण्याआधी प्रत्येक घरामागे लाकडी संडास असायचा, आणि त्याच्या खड्ड्यात लोक फुटक्या बशा, बाटल्या, मातीच्या चिलमी, बाहुल्यांची डोकी असं सगळं टाकून मोकळे व्हायचे. असे खड्डे हुडकून खणणं हा इथे रीतसर छंद आहे म्हणे.

प्लॉट अरुंद आणि लांब आहे, ५० फूट बाय १५० फूट. मागे गाड्या जातील एवढी गल्ली. डाव्या कुंपणाला एक जुना मेपल, उजव्या कोपऱ्यात नंतर बांधलेलं गॅरेज. सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे जुने नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळाले. आमचं घर त्यात आहे, पिवळ्या रंगात, म्हणजे लाकडी. मागच्या हद्दीला चिकटून एक चिमुकला चौकोन दिसतो, पण त्यावर काहीच लिहिलेलं नाही. तोच का? की ती कोंबड्यांची खोपटी? सगळं परस न उकरता खात्री कशी करायची? मेटल डिटेक्टर घ्यावा का?

आणि हो, सासूबाई सध्या इथेच आहेत. "सातासमुद्रापार येऊन जावई लोकांचे संडास उकरतोय" हे वाक्य ऐकून झालंय, ते प्रतिसादात नको.

प्रतिसाद १

पेन्सिल्व्हेनियात बरीच वर्षं हे करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मेटल डिटेक्टरचे पैसे वाचवा. काच आणि चिनीमाती त्याला कळत नाही, आणि जुन्या परसात खिळे इतके असतात की तो थांबायचाच नाही. तुम्हाला हवी ती पाच फुटी पोलादी सळई, वर आडवी मूठ आणि टोकाला सळईपेक्षा किंचित जाड गोळी. टोक जाड असलं की सळई स्वतःच्या भोकात अडकत नाही आणि हाताला जमीन कळते.

जागा बघताना घरापासून लांब, मागच्या हद्दीकडे बघा. बहुतेक वेळा कोपरा, नाहीतर गल्लीच्या बाजूचा मध्य. विहीर जिथे होती त्याच्या विरुद्ध अंगाला. सॅनबॉर्नवर विसंबू नका. ते आगीचा धोका मोजणाऱ्यांसाठी काढलेले नकाशे. आत फुली मारलेला चौकोन म्हणजे तबेला, हे नक्की. पण संडासासारखी किरकोळ खोपटी कधी दाखवली, कधी सोडून दिली. एकाच गावाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या एकमेकांशेजारी ठेवा. जो बारका चौकोन एका आवृत्तीत आहे आणि पुढच्यात गायब, तो माझ्या मते पहिला संशयित.

मग गावात गटार कोणत्या वर्षी आलं ते नगरपालिकेत विचारा. हा आकडा सगळ्यात मोलाचा. खड्डा बंद करताना लोक घरातली अडगळ एकदमच ढकलून देत, त्यामुळे वरचा भराव साधारण त्याच काळातला असतो.

पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना, फूटभर अंतराने सळई घालत जा. तुमच्याकडची न हललेली जमीन लाल, चिकट, खाली शेलचा (थराथरांचा मऊ) दगड. तिथे सळई हट्टाने थांबते. खड्ड्यावर ती सरसर जाते, मग मध्येच राखेची करकर किंवा काचेचा कुरकुर आवाज हाताला लागतो. वर काढून टोकाची माती बघा. लाल असेल तर पुढे चला. काळी, राखाडी, पांढऱ्या चुन्याचे कण असलेली असेल तर तिथे खुंटी ठोका. वास येत नाही, शंभर वर्षांत त्याची मातीच झालेली असते.

एक खड्डा भरला की दुसरा खणत, त्यामुळे एकाच परसात दोन-तीन सापडू शकतात. याउलट, गावात मैला उपसणारे यायचे, म्हणून काही खड्डे जवळजवळ रिकामे निघतात. माल उरतो तो तळाच्या कोपऱ्यांत.

प्रतिसाद २

मेसनची बरणी (फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी) मिळाली तर "पेटंट नोव्हेंबर ३०, १८५८" वाचून नाचू नका. जॉन लँडिस मेसन हा तुमच्याच न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडचा, पण पेटंटची ती तारीख पुढे कित्येक दशकं बरण्यांवर छापत राहिले. वय काढायचं तर काचेवरची साच्याच्या जोडाची उभी रेघ बघा. ती ओठाच्या खालीच थांबली असेल तर तोंड हाताने घडवलेलं. ओठावरून पलीकडे गेली असेल तर मशीनची बाटली, म्हणजे साधारण १९०३ नंतरची.

प्रतिसाद ३

थोडं कडू बोलते. मी पुरातत्त्व शिकलेय. बाटली हा त्या खड्ड्यातला सगळ्यात कमी बोलका भाग असतो. बिया, माशांचे काटे, जंतांची अंडी, कोणत्या थरात काय होतं, यावरून घर काय खात होतं आणि कशाने आजारी होतं ते कळतं. बाटल्या वेचून बाकीचं फेकलं की ते गेलं. फिलाडेल्फियात अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयाचं बांधकाम होण्याआधी उत्खनन झालं, तिथे विटांनी बांधलेल्या डझनभर खड्डे-विहिरींतून ८० हजारांवर वस्तू आल्या. एका घरामागच्या संडासात पंच (दारू आणि फळांच्या रसाचं मिश्रण) पिण्याचा मोठा वाडगा आणि पेल्यांचा खच मिळाला, आणि जुन्या कागदांशी ताडून बघितल्यावर ते घर म्हणजे परवाना नसलेला गुत्ता होता हे उमगलं. सुटी बाटली हे कधीच सांगू शकली नसती.

जागा तुमची आहे, खणायला हरकत नाही. पण गाव ऐतिहासिक जिल्ह्यात (हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट, म्हणजे जुन्या वास्तू जपण्यासाठी ठरवलेला भाग) येतं का ते आधी विचारा. थराथराने खणा, प्रत्येक थराची माती वेगळ्या बादलीत, चाळणीतून. फोटोत मोजपट्टी ठेवा.

प्रतिसाद १

ताईंचं पटलं. माझ्या सुरुवातीच्या बाटल्यांची अशी नोंद असती तर आज बरं झालं असतं.

सुरक्षेचं राहिलंच. खणण्याआधी ८११ ला (जमिनीखालच्या तारा-नळ कुठे आहेत ते दाखवणारी सेवा) फोन करा. फुकट आहे, तुमच्या राज्यात किमान तीन कामाचे दिवस आधी. ते येऊन रंगाने खुणा करतात: पिवळा गॅस, लाल वीज, निळा पाणी, हिरवा गटार. आणि एकट्याने कधीही उतरू नका. एक घनफूट माती ४५ किलोच्या आसपास भरते, कड कोसळली तर छातीपर्यंत गाडलेला माणूसही श्वास घेऊ शकत नाही. इथले कामगार-सुरक्षा नियम पाच फुटांपासून आधार लावायला सांगतात; घरगुती खणणाऱ्याने त्याआधीच थांबावं. जाड हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि पोरांना काठापासून लांब.

प्रतिसाद ४

कुतूहल म्हणून विचारतो. वाईला आमचा जुना वाडा आहे. तिथे असं काही सापडेल का?

प्रतिसाद ३

बहुतेक नाही. आपल्याकडच्या वाड्यांत टोपलीचे संडास. मागच्या बोळातून रोज माणसं येऊन डोक्यावरून मैला नेत, आणि ती माणसं कोणत्या जातींची हे वेगळं सांगायला नको. खड्डाच नाही, तर त्यात साठणार काय? कायद्याने बंदी यायला १९९३ उजाडलं, पुन्हा कडक कायदा २०१३ला. फुटकी भांडी शोधायची तर उकिरड्याची जागा विचारा. पण १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दोन आवृत्त्या ताडल्या. तो चौकोन १९०० नंतरच्या नकाशात नाही. शनिवारी पावसानंतर सळई घातली. मेपलच्या बाजूला सगळीकडे लाल माती, शिवाय मुळं. उजव्या कोपऱ्यात मात्र सळई मुठीपर्यंत गेली, टोकाला काळी माती, राख आणि शिंपल्याचा चुरा. साधारण चार फूट बाय पाच फुटांचा मऊ पट्टा खुंट्यांनी आखलाय.

अडचण अशी की त्याचा जवळजवळ अर्धा भाग गॅरेजच्या काँक्रीटखाली जातो. उरलेला अर्धा खणला तर गॅरेजचा पाया खचेल का? पायापासून किती अंतर सोडावं? इथे कुणी स्थापत्य अभियंता असेल तर कृपया सांगा. तोवर फावडं बाजूला ठेवलंय, फक्त ८११ ची नोंद केलीये.