सल्ला हवाय: ३६ वर्षांच्या अण्णाला देवळात, मठात, कुठंतरी आपला म्हणून घेतील का? (सोलापूर)

सैफुलची_धाकटी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा मोठा भाऊ, आम्ही अण्णा म्हणतो, वय ३६, बौद्धिक दिव्यांग आहे, फिट पण यायच्या लहानपणापासून, आता गोळ्यांवर बऱ्या आहेत. १८ पर्यंत शाळा होती, मग चार वर्षं एका वर्कशॉपला मेणबत्त्या करायला जायचा, ते बंद पडलं, तेव्हापासून घरीच.

बाबा होते तोवर दर सोमवारी पहाटे त्याला स्कूटरवर मागं बसवून सिद्धेश्वराच्या देवळात न्यायचे. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. अजून सोमवारी पहाटे पाचला अण्णा आंघोळ करून, भस्माची तीन बोटं कपाळावर ओढून, स्कूटरची चावी मुठीत धरून दाराशी उभा असतो. कुणी काही बोललं नाही तर आठ वाजेपर्यंत तसाच. आई ६८ ची, गुडघे गेलेत, मी नोकरीवर, मला स्कूटर येते पण तो माझ्या मागं बसतच नाही.

मधे एका मठात प्रवचनाला नेलं होतं. अण्णाला काहीतरी आवडलं आणि तो मोठ्यानं हसला, बास, सेवेकरी येऊन म्हणाला यांना बाहेर बसवा, लोकांचं लक्ष जातं. आई त्याला घेऊन तासभर चपलांपाशी बसली. नातेवाईकांचं तर विचारूच नका, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार, अमुक शांत करा, तमुक ठिकाणी नारळ ठेवा.

मला उपाय नकोय ओ. अण्णा आहे तसा आहे. मला फक्त अशी जागा हवीय जिथं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी त्याची वाट बघेल. देऊळ, मठ, भजनी मंडळ, चर्च, काहीही चालेल, आईलाही चार बायकांत बसायला मिळेल. आणि माझ्यानंतर काय हा प्रश्न आहेच. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी प्लीज लिहा.

अक्कलकोट_रोडचा_बाप

ताई, वाचून गलबलून आलं. माझी लेक २९ ची, डाऊन सिंड्रोम. तुमच्यासारखंच आम्ही पण दहा वर्षं बाहेर चपलांपाशी बसून काढलीत.

एक गोष्ट मला लई उशिरा कळली ती सांगतो. आम्ही जाईल तिथं "हिला बसू द्या" म्हणून हात जोडायचो, म्हणजे जागा मागायचो. जागा मागितली की लोकं दया दाखवतात, आणि दया दोन आठवड्यांत संपते. मग मी काम मागायला लागलो. आपल्या सोलापुरात हे नवीन आहे का सांगा, आपले सिद्धेश्वर, सिद्धरामेश्वर, म्हणजे बसवण्णांच्या लिंगायत परंपरेतले शरण, संतच, त्यांनी माणसं गोळा करून तळं खोदलं ते कायक म्हणूनच ना. कायक म्हणजे नुसती नोकरी नाही, हाताला काम हीच पूजा, आणि त्यातनं जे येईल ते सगळ्यांत वाटायचं तो दासोह. ह्यात बुद्धी किती पाहिजे असं कुठं म्हटलंय?

घराजवळच्या लहान देवळातल्या गुरवांना विचारलं, माझी लेक फुलवाती वळेल, चालेल का. आधी ते थोडे अवघडले. मग म्हणाले आणा गुरुवारी. आता सहा वर्षं झाली. ती बसते, मांडीवर डबा, कापसाचा पेळू ओढून बोटाला राख लावून वळते, दहा झाल्या की एक खडा बाजूला ठेवते कारण तिला दहाच्या पुढं मोजता येत नाही. पाच खडे झाले की उठते आणि स्वतः जाऊन गुरवांच्या हातात देते, दुसऱ्या कुणाला देत नाही. एकदा ताप आला म्हणून गेली नाही तर गुरव काका संध्याकाळी घरी आले विचारायला, वाती नाहीत की ओ माझ्याकडं म्हणून. बायको आत जाऊन रडली त्या दिवशी.

मोठ्या देवस्थानात हे होत नाही, गर्दी असते, माणसं बदलत राहतात. लहान देऊळ बघा, एकच माणूस, एकच वार, एकच वेळ. पहिले दोन महिने वीसच मिनिटं. त्याचं मन भरायच्या आत उठवायचं, म्हणजे पुढच्या वेळी आपणहून निघतो.

होटगी_रोड_७१

वरच्यांचं बरोबर आहे पण फिट येतात लिहिलंय म्हणून कळकळीनं सांगते, कुठल्याही मठात कुणी गोळ्या बंद करा, अंगारा पुरेल म्हणालं तर त्या दारात परत पाऊल ठेवू नका. माझ्या दिराच्या बाबतीत असंच एका महाराजांनी सांगितलं, सासूबाईंनी ऐकलं, चौथ्या दिवशी एकामागून एक फिट सुरू झाल्या त्या थांबेनात, आठ दिवस आयसीयूत. फिटच्या गोळ्या एकदम तोडल्या की असं होतं, कमी करायच्या तरी डॉक्टरच हळूहळू करतात. मी स्वतः अक्कलकोटच्या स्वामी समर्थांची सेवेकरी आहे, रोज तारक मंत्र म्हणते, म्हणूनच लिहितेय. उपासाचं पण बघा, सोमवारचा उपास त्याला धरायला लावू नका, पोट रिकामं आणि झोप अपुरी असली की फिट येण्याची शक्यता वाढते. पहाटे पाचला उठतो तर रात्री लवकर झोपवा.

लष्करातला_शेजारी

ताई, मी ख्रिस्ती आहे, माझा मुलगा ३१ चा, ऑटिझम. आमच्याकडं ह्यावर थोडं काम झालेलं आहे म्हणून लिहितो, तुम्ही हिंदू असाल तरी कल्पना घेण्यासारखी आहे.

फ्रान्समधलं एक जोडपं, दोन्ही मुलगे गंभीर दिव्यांग, त्यांना लूर्दच्या, तिथल्या मेरीमातेच्या तीर्थाच्या, यात्रेला न्यायचं होतं. यात्रेच्या ग्रुपमध्ये घेतलं नाही, मग स्वतःच गेले, तर हॉटेलवाल्यांनी सांगितलं जेवण खोलीतच घ्या, बाकी लोकांना त्रास होतो. म्हणजे तुमच्या चपलांपाशीचंच की. त्यांच्या त्या दुखण्यातून १९७१ च्या ईस्टरला लूर्दला खास यात्रा निघाली, सुमारे १२ हजार माणसं, त्यातली काही हजार दिव्यांग, आणि तिथून 'फेथ अँड लाइट' नावाची चळवळ झाली. ती संस्था चालवत नाही, वसतिगृह नाही. साधारण तीसेक माणसांचा गट, दिव्यांग व्यक्ती, त्यांचे आईबाप, आणि नुसते मित्र, महिन्यातून एकदा भेटतात, प्रार्थना, गाणी, जेवण, एकमेकांचं ऐकणं. भारतात पण गट आहेत.

त्याच्या आधी १९६४ ला 'लार्श' सुरू झालं होतं, दिव्यांग आणि बिगर-दिव्यांग एका घरात राहतात, भारतात 'आशा निकेतन' नावानं घरं आहेत, पहिलं बंगळुरूला १९७० मध्ये, आणि तिथं सगळ्या धर्मांचे लोक राहतात. एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही, संस्थेनंच चौकशी करून घेतली आणि लार्शचे संस्थापक जाँ व्हानिए वारल्यावर २०२० मध्ये जाहीर केलं की त्यांनी अनेक बायकांचं शोषण केलं होतं. ज्या बायका पुढं आल्या त्या दिव्यांग नव्हत्या, पण मला फार लागलं ते, कारण त्यांचं बोलणं आम्ही घरात वाचायचो. तेव्हापासून मी कुठल्याच माणसाच्या पुण्याईवर मुलाला सोडत नाही, बाबा असो, फादर असो, दोन मोठी माणसं कायम खोलीत पाहिजेत आणि दार उघडं.

आम्ही चार कुटुंबं महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथं लष्कर भागात एकत्र जमतो, त्यात एक लिंगायत आहेत, एक पद्मशाली. कुणी धर्म बदला म्हणत नाही, कुणी म्हटलं तर मीच उठून जाईन. मेसेज करा, आईंना पण आणा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी असते, अण्णाला आवडत असेल तर.

पंढरीचा_जावई

यात्रेबद्दल माझे दोन शब्द. माझा मेहुणा असाच आहे, वारीचं वेड. पंढरपूरला एकादशीला चुकूनही नेत नाही. साधा मंगळवार-बुधवार बघून पहाटे, आणि पदस्पर्शाच्या रांगेचा हट्ट न धरता मुखदर्शन, लवकर होतं. आधी फोनवर त्याला वाटेतले फोटो दाखवतो, हे दार, हा मंडप, मग विठोबा, मग बाहेर येऊन चहा. चहा कुठं ते माहीत असलं की तो शांत राहतो. रेल्वेत एकट्यानं प्रवास न करू शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांगाला आणि बरोबरच्या एकाला स्लीपर, थ्री एसीला ७५ टक्के सवलत आहे, रेल्वेचं कार्ड काढून घ्या.

जानेवारीतल्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावरचा भोंग्यांचा आवाज त्याला सोसत नाही. पण यात्रेआधी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, पेलायचा सराव चालतो ना संध्याकाळी, तिथं नेतो, गर्दी कमी असते, काठी जवळून बघायला मिळते, एकदा पोरांनी त्याला हात लावू दिला. आणि शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीच्या वाटेवर आपल्या सोलापुरात मुक्कामाला असते, शिस्त इतकी की धक्काबुक्कीची भीती वाटत नाही. अण्णाला टाळ द्या हातात, बघा.

कलेक्टर_कचेरीच्या_फेऱ्या

माझ्यानंतर काय ह्यावर. अण्णा १८ चे झाले त्या दिवसापासून कायद्यानं आई त्यांच्या पालक नाहीत, हे खूप जणांना माहीत नसतं, बँकेत अडलं की कळतं. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ चा, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांग ह्या चारांसाठी. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांची लोकल लेव्हल कमिटी असते, तिच्याकडं कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा. आई आहेत तोवर त्यांच्या संमतीनं तुमचं नाव लावून घ्या, नंतर जास्त जड जातं. पालक झाल्यावर सहा महिन्यांत त्यांच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशोब, म्हणजे कुणी काका-मामा परस्पर काही करू शकत नाही. नॅशनल ट्रस्टचाच निरामया आरोग्य विमा पण काढा, लाखापर्यंत, ओपीडी, गोळ्या, थेरपी त्यात येतं, वयाची अट नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते.

आणि कुठल्याही आश्रमानं, कितीही देवाधर्माचा असो, "घर संस्थेच्या नावावर करा, आजन्म सांभाळू" म्हटलं तर सही करू नका. आमच्या नात्यात केलं, तीन वर्षांत माणूस घरी परत आणि घर गेलं. अशा ठिकाणी न सांगता जाऊन संडास बघायचे, गोळ्यांची वही मागायची, आणि दुपारच्या वेळी माणसं काय करत बसलीत ते बघायचं.

अक्कलकोट_रोडचा_बाप

चांगली उदाहरणंही आहेत ओ. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर, गाडगेबाबांना मानणारे, टाकून दिलेली दिव्यांग लेकरं वाढवली, त्यांना स्वतःचं आडनाव दिलं, आणि १८ झालं की बाहेर काढायचा नियम बदला म्हणून वर्षानुवर्षं भांडले. २०२४ ला पद्मश्री मिळाली. आईबापांनीच उभी केलेली पण आहेत, बदलापूरचं 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल'. जाऊन बघून या एकदा, लगेच ठेवायचं म्हणून नाही, आपल्याला काय पाहिजे ते कळतं.

सैफुलची_धाकटी

सगळ्यांचे आभार कसे मानू. पाच आठवड्यांनी लिहितेय.

आमच्या गल्लीच्या टोकाला लहान महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या स्वामींना मी काम मागितलं, जागा नाही. ते म्हणाले घासायची भांडी आहेत, येईल का त्याला. सोमवारी पहाटे मी अण्णाला चालत नेलं, स्कूटरची चावी त्याच्या मुठीतच. पहिल्या दिवशी नुसताच उभा राहिला. दुसऱ्या सोमवारी स्वामींनी स्वतः बसून एक तांब्या चिंचेनं घासला आणि दुसरा त्याच्यापुढं ठेवला, बोलले काहीच नाहीत. अण्णानं घासला. आता तीन तांबे, एक घंटा, एक समई, ठरलेलं. समईच्या खाचेत बोट जात नाही म्हणून आईनं त्याला जुना टूथब्रश दिलाय, तो खिशात घालून झोपतो. चौथ्या सोमवारी चावी घरीच खुंटीला लावून आला. स्वामी त्याला अण्णाच म्हणतात, वयानं मोठे असून.

पहिल्या शनिवारी लष्कर भागातल्या त्या कुटुंबांकडं पण जाऊन आलो, आई तिथं एका पद्मशाली मावशींशी दोन तास बोलत होती, मला उठवावं लागलं तिला. पालकत्वाचा अर्ज भरलाय.

आता पुढचं विचारते, श्रावण जवळ आलाय, चारही सोमवारी देवळात रांग लागणार, आवाज, ढकलाढकली, अण्णाला चालेल का? की ते सोमवार टाळू?

अक्कलकोट_रोडचा_बाप

टाळू नका, वार मोडला तर त्याला वाटेल काढून टाकलं. आदल्या दिवशी रविवारी संध्याकाळी पण न्या, तेव्हा देऊळ रिकामं असतं, भांडी तेव्हा घासेल, कारण श्रावणात स्वामींना ती सोमवार उजाडायच्या आतच लागणार. सोमवारी पहाटे नुसतं जाऊन आपण घासलेली समई पेटलेली बघायची आणि दहा मिनिटांत घरी. स्वामींशी आधी बोलून घ्या.