वसंत व्याख्यानमाला मे महिन्यातच हवी का?

कसबेकर : पुण्याची वसंत व्याख्यानमाला महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. आजही २१ एप्रिल ते २० मे असा महिनाभर हा ज्ञानयज्ञ चालतो. माझं मत स्पष्ट आहे : तारखा बदला. सुट्टी लागली की लोक गावाला जातात, कॉलेजची मुलं परीक्षेत गुंतलेली असतात. सभागृहात बहुतेक पांढरी डोकी दिसतात आणि ते बघून पोटात तुटतं. सवाई गंधर्व संगीत महोत्सव डिसेंबरात होतो, तिथे आजी आणि नात एका सतरंजीवर बसतात. व्याख्यानमालाही थंडीत घ्या.

मुळाकाठची : कसबेकर, सुट्टीचे दिवस वगळले तर मालेचा पायाच निघेल. रानडे न्यायखात्यातले, १८७१ पासून पुण्यात. त्यांच्याभोवतीची मंडळी म्हणजे वकील, मास्तर, विद्यार्थी. कोर्ट आणि शाळा बंद, तेव्हाच यांना सवड. त्यात १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागल्यावर मुंबईहून येणंही सोपं झालं. पहिलं ग्रंथकार संमेलन रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात भरवलं ते ११ मे १८७८ ला. पुन्हा मेच! हा योगायोग मानायला मी तयार नाही. आणि हेही बघा, सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा. त्याच्या अठरा वर्षं आधी हे शहर दर उन्हाळ्यात नुसतं ऐकायला एकत्र जमत होतं. मला याचा फार अभिमान वाटतो.

कसबेकर : अभिमान मलाही आहे. पण त्याच १८७५ च्या पावसाळ्यात रानड्यांच्या बोलावण्यावरून स्वामी दयानंद पुण्यात आले. त्यांच्या पंधरा व्याख्यानांची नोंद आहे. तेव्हा कुठे होती सुट्टी? बोलणारा तसा असेल तर लोक चिखल तुडवत येतात. मग मे महिन्याला एवढं का धरून बसायचं?

जुना श्रोता : नावातला वसंत विसरू नका. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, ही माला बरोबर त्याच दिवसांतली. थंडीत नेलीत तर नावही बदलावं लागेल. मी सातवीच्या सुट्टीत वडिलांचं बोट धरून टिळक स्मारकला गेलो होतो. विषय निम्माही कळला नाही, पण घरी चालत येताना वडील तो मला समजावत राहिले. शाळा सुरू असती तर गृहपाठ सोडून त्यांनी मला नेलंच नसतं.

मुळाकाठची : दयानंदांच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कसबेकर. तो खराच आहे. तरी तारखा हलवू नयेत असंच म्हणेन. त्या महिन्यातले आठ दिवस शाळकरी मुलांना कळतील अशा विषयांना द्या. सुट्टीत गावाला न गेलेली मुलंही या शहरात पुष्कळ आहेत.

कसबेकर : आठ दिवस नक्की देणार असतील, तर मी मे महिन्याला हो म्हणतो. भाचीला घेऊन येईन.