गवे उन्हाळ्यातच शिवारात का उतरतात?

भुदरगडकर: आमचं शेत राधानगरी अभयारण्याच्या हद्दीला लागून आहे. पाऊसभर गव्याचा मागमूस नसतो. होळी झाली की मात्र रात्री उसात कळप. गावात म्हणतात, कुणीतरी बाहेरून आणून सोडलेत. मग पावसाळ्यात ही जनावरं असतात कुठं? आणि दिवसा का दिसत नाहीत?

सड्यावरचा: आणून सोडलेले नव्हेत दादा, तिथलेच आहेत. १९५८ साली दाजीपूरचं, म्हणजे आताचं राधानगरीचंच, अभयारण्य झालं तेच मुळी गव्यासाठी. माझं बालपण त्याच अंगाला म्हशी राखण्यात गेलं, म्हणून त्यांचं वर्ष कसं फिरतं ते सांगतो.

मृगाचा पाऊस लागला की सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, कोवळं गवत येतं. जांभ्याच्या कातळावर माती बोटभर, पण पहिला हिरवा चारा तिथंच. कळप वर निघतात. सावराईच्या सड्यावर धुकं असलं की आधी फुरफुरणं ऐकू येतं, मग गुडघ्याखालचे पांढरे पाय दिसतात, बाकी जनावर मागाहून. वर वारा असतो, त्यामुळं माशांचा जाचही कमी. पाणी पावलोपावली. तुमच्या शिवारात तो कशाला येईल?

दिवाळीनंतर सड्यावरच्या गवताची काडी होते आणि कळप झाडीत शिरतात. गवा नुसत्या गवतावर जगत नाही. कारवीचा पाला, बांबू, झाडाची साल, खाली पडलेली फळं, सगळं चालतं. पुढं ओढे आटले की उरलेल्या पाणवठ्यांभोवती कळप गोळा होतात. काळम्मावाडी धरणाचं पाणी मागं हटतं तसं काठच्या ओलीवर गवत फुटतं, तिथं ते संध्याकाळी येतात. आणि जवळच तुमचा पाणी पाजलेला ऊस! चैत्रात त्या उतारावर हिरवं म्हणावं असं तेवढंच, शिवाय लपायला जागा.

दिवसा न दिसण्याचं कारण आपण. माणसाचा वावर नसेल तिथं गवा सकाळ-संध्याकाळ उघड्यावर चरतो आणि दुपारी सावलीत रवंथ करतो. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो, अंग काळं, भर ऊन त्याला सोसत नाही. वस्ती जवळ आली की तोच गवा रात्रीचा होतो.

वणव्याचं मात्र मला फार वाईट वाटतं. नवं गवत चांगलं येतं म्हणून माघ-फाल्गुनात सडे पेटवतात. ज्या महिन्यांत वाळका चारा आणि पाला हाच जनावराचा आधार, नेमका तेव्हाच तो जळतो.

दोडामार्गची: आमच्याकडे काजूची बोंडं आणि पिकून पडलेले फणस खायला येतात, ते उन्हाळ्यातच. पण पावसात तरवाही, म्हणजे भाताची कोवळी रोपंही, सोडत नाहीत. मग तुमचा हिशोब इथं कसा लागू होणार?

सड्यावरचा: ताई, बरोबर बोललात. तुमच्याकडे रबर-अननसाच्या लागवडीनं जंगलाचे तुकडे पडलेत. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना वाटेत तुमचं भातच लागतं. आमच्यासारखा सलग सडा आणि सलग झाडी असेल तिथंच ऋतूप्रमाणं वर-खाली करणं जमतं.

भुदरगडकर: पटलं. आता पोरं फटाके लावून, गाड्या घेऊन मागं लागतात. चालेल का?

सड्यावरचा: अजिबात नको. पोरांना आजच सांगा. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता. गर्दी मागं लागली, तो धावून धावून दमला आणि पकडल्यानंतर दगावला. घाबरलेला गवा माणसालाही सोडत नाही. जंगलाकडची बाजू मोकळी ठेवा, लांबून आवाज करा, तो आल्या वाटेनं जातो. एकटा नर दिसला तर आवाजही नको, आपणच मागं सरायचं. उसाचं नुकसान झालं असेल तर माग पुसायच्या आत फोटो काढा आणि वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घ्या. तोडणी झाल्यावर मागितलेली भरपाई मिळणं अवघड जातं.