मदत हवी आहे : शाळेतली मदतनीस म्हणून काम चालू ठेवून डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) कसं करता येईल?

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. सहा वर्षं एका विनाअनुदानित शाळेत लहान गट-मोठा गटाला मदतनीस आहे. बाई रजेवर गेल्या की अख्खा वर्ग माझ्यावरच असतो, पण कागदावर मी मदतनीसच! बारावी कला ५८ टक्के, मग बी.ए. मराठी. वय ३४, खुला प्रवर्ग.

मला पहिली ते पाचवीला शिकवायचंय. कृपया बी.एड. सुचवू नका, सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालानंतर प्राथमिकसाठी ते चालत नाही. माँटेसरीचा कोर्स केलाय, तोही बालवाडीपुरताच. म्हणजे दोन वर्षांचं डी.एल.एड. आणि नंतर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर एक, एवढं कळलंय. एनआयओएसचं (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं) डी.एल.एड. तेव्हा शिकवत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी होतं, ते २०१९ लाच संपलं.

दोन कॉलेजांत चौकशी केली. एकीकडे म्हणाले, रोज हजेरी लागेल. दुसरीकडे म्हणाले, "फी भरा, परीक्षेपुरतं या." हे ऐकून भीतीच वाटली. उद्या प्रमाणपत्रावरच बोट ठेवलं तर?

माझी शाळा सकाळी साडेसात ते साडेबारा. पगार सोडणं शक्य नाही, मुलं लहान म्हणून सोलापूरबाहेरही जाता येत नाही.

तर सोलापूर शहरात दुपारच्या वेळेत खरोखर वर्ग भरणारं मान्यताप्राप्त डी.एल.एड. कॉलेज कुणाला माहीत आहे का? आणि छात्रसेवाकाळ (कोर्समधला शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) माझ्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेत करू देतात का? अलीकडे कुणी केलंय का असं?