हार्वर्ड खाजगी आहे म्हणे. बरं, पण कुणाच्या जिवावर?

पागोळी:
परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर नेहमीचंच सुरू झालं, की बघा हार्वर्ड खाजगी आहे म्हणून जगात भारी, आपल्याकडे सगळं सरकारच्या हातात म्हणून ही अवस्था. मला हार्वर्डचा राग वगैरे अजिबात नाही, पण हे 'खाजगी' प्रकरण जरा उकलून बघावं म्हणून धागा काढतेय.

1636 मध्ये कॉलेज काढायचं ठरवलं ते मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या विधिमंडळाने, 400 पौंड मंजूर करून. जॉन हार्वर्ड हे पाद्री 1638 मध्ये वारले, जाताना अर्धी इस्टेट आणि 400 एक पुस्तकं कॉलेजला ठेवून गेले, म्हणून नाव त्यांचं. म्हणजे पहिला पैसा सरकारचा आणि पाटी देणगीदाराची. पुतळ्याखाली मात्र 'संस्थापक, 1638' कोरलंय, आणि त्यांचं एकही चित्र उरलेलं नाही त्यामुळे चेहरासुद्धा दुसऱ्याच कुणाचा. तिथले गाइड त्याला तीन थापांचा पुतळा म्हणतात, मला हे फार आवडलं.

पुढचं अजून मजेदार आहे. बॉस्टन ते चार्ल्सटाउन नदीतून माणसं नेणारी तर (होडी) चालायची तिचं उत्पन्न वसाहतीने कॉलेजला लावून दिलं, आपल्याकडे देवळाला जमीन इनाम द्यायचे अगदी तसंच. 1785 मध्ये तिथे पूल बांधायची परवानगी दिली तर पूल कंपनीने कॉलेजला वर्षाला 200 पौंड द्यायचे हे सनदेतच घातलं. म्हणजे बाजारात मासे विकायला नदीपलीकडे जाणारा माणूस हार्वर्डची फी भरत होता, स्वतःचं पोरगं तिथे जायची शक्यता शून्य असताना. हे खाजगी?

चार्ल्सकाठ:
ताई, माहिती छान काढलीत, निष्कर्ष पटला नाही. सुइणीने मूल हातात घेतलं म्हणून ते सुइणीचं होत नाही. 1650 ची सनद बघा, त्यात 'प्रेसिडेंट आणि फेलोज' नावाचं मंडळ केलं, सात जणांचं, आणि जागा रिकामी झाली की ती भरायची त्या मंडळानेच. तेच मंडळ आजही चालू आहे, फक्त 2010 नंतर तेरा जणांचं केलं. राज्याने 1820 च्या दशकात पैसे देणं थांबवलं, 1865 पासून वरच्या देखरेख मंडळावर सरकारी माणसं बंद, माजी विद्यार्थी मतदान करून निवडतात. खरं हार्वर्ड त्यानंतरच घडलं. चार्ल्स एलियट 1869 मध्ये 35 व्या वर्षी अध्यक्ष झाले आणि 40 वर्षं राहिले. त्याआधी सगळ्यांनी तेच ठरलेलं ग्रीक लॅटिन घोकायचं, या माणसाने विषय निवडायची मोकळीक दिली, 1873 मध्ये पहिल्या पीएचड्या दिल्या. एवढी वर्षं एकाच माणसाला असले प्रयोग करू देईल असं एक तरी विधानमंडळ दाखवा, तिथलं किंवा इथलं, मी गप्प बसतो.

पागोळी:
सुइणीचं उदाहरण चुकलं काका. सुईण पुढची दोनशे वर्षं दूध घालत नाही.

आणि पैसे थांबले कुठे? दुसऱ्या महायुद्धात परत सुरू झाले, यावेळी वॉशिंग्टनहून. नेपाम, म्हणजे बॉम्बमधला तो चिकटून जळणारा पदार्थ, 1942 मध्ये हार्वर्डच्याच केमिस्ट्रीवाल्यांनी बनवलं, सरकारी युद्धसंशोधनाच्या कामात, आणि चाचणी कॅम्पसच्याच मैदानावर घेतली. एप्रिल 2025 मध्ये ट्रम्प सरकारने 2.2 अब्ज डॉलरची ग्रँट गोठवली ना, जी गोष्ट बंद करता आली ती मुळात चालू होती ना?

वरणभात_सुपरफास्ट:
प्लस वन. बाकी पुतळ्याच्या बुटाला हात लावू नका, पोरं रात्री त्यावर काय करतात ते गूगल करा 😷

चार्ल्सकाठ:
ग्रँट म्हणजे खैरात नव्हे हो, कॅन्सरवर काम करा म्हणून दिलेलं काम आहे ते. रस्त्याचं टेंडर घेतलं म्हणून ठेकेदार सरकारी होतो का? आणि 2025 चं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. सरकारने पत्र पाठवलं, प्रवेश असे करा, नेमणुका तशा करा, विभागांची तपासणी करा. हार्वर्ड नाही म्हणालं, कोर्टात गेलं, सप्टेंबरमध्ये जिल्हा न्यायालयाने ती कपात बेकायदेशीर ठरवली. गाठीला 53 अब्जांची ठेव होती म्हणून ताठ मानेने नाही म्हणता आलं. मंत्रालयातून फोन आला की ज्यांना खुर्चीत चुळबुळ करावी लागते अशा कुलगुरूंना विचारा या ठेवीची किंमत.

(त्या 53 अब्जांवर सगळे डोळे वटारतात म्हणून सांगतो, ते एका खात्यात पडलेले नाहीत, 14 हजारांच्या वर वेगवेगळे निधी आहेत आणि बहुतेकांना देणाऱ्याची अट चिकटलेली, संस्कृतसाठी दिलेत तर वसतिगृहाच्या नळाला वापरता येत नाहीत.)

माडाखालचा:
संस्कृतचं निघालं म्हणून येतो मधे, आम्ही गोंयकार. हार्वर्ड म्हटलं की मला धर्मानंद कोसंबी आठवतात. सांखवाळचा माणूस, शाळा जेमतेम, घर सोडून पुणे, काशी करत सिलोनला जाऊन पाली शिकला. 1910 मध्ये प्रा. वुड्स यांच्यामार्फत हार्वर्डला बोलावणं, काम काय तर हेन्री वॉरन यांनी अर्धवट ठेवलेलं 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचं संपादन. वॉरन 1899 मध्येच वारले होते, आणि ग्रंथमालेलाही पैसा त्यांचाच. आता वाद कशावर झाला? पुस्तकावर संपादक म्हणून नाव कुणाचं यावर. तिथले प्रोफेसर लॅनमन, आणि हा बिनडिग्रीचा गोंयकार. जमलं नाही, कोसंबी 1912 मध्ये परत आले.

म्हणून सांगतो, ठेव, सनद, मंडळ सगळं ठीक, पण आत गेल्यावर तुम्ही कोण हे ठरवणारा शेवटी एक प्रोफेसरच असतो आणि त्याच्यावर ना सरकारचा वचक ना कुणाचा. खाजगीपणाचा हा भाग कुणी बोलत नाही.

चार्ल्सकाठ:
अर्धीच गोष्ट सांगितलीत की. कोसंबी 1918 मध्ये परत गेले, सोबत मुलगा घेऊन, त्यानंतरही दोनदा गेले. तो मुलगा म्हणजे दामोदर, पुढचे गणिती आणि इतिहासकार, हार्वर्ड ज्या गावात आहे त्या अमेरिकेतल्या केंब्रिजच्या शाळेत शिकला आणि 1929 मध्ये हार्वर्डचाच पदवीधर झाला. एवढं वाईट होतं तर बाप पोराला तिथेच घालेल का? आणि आपल्याकडे त्या काळी बिनडिग्रीच्या माणसाला किती विद्यापीठं पालीचं काम देत होती तेही सांगा.

माडाखालचा:
बाप पोराला घालेलच, ग्रंथालय तिथे होतं म्हणून. मी कुठे म्हटलं ग्रंथालय वाईट आहे.

सांजवात७२:
ग्रंथालयावरून आठवलं. लॅमॉन्ट म्हणून तिथे पदवीच्या पोरांसाठी लायब्ररी आहे, तिथे 1967 पर्यंत बायकांना प्रवेश नव्हता. 1967! रॅडक्लिफ या हार्वर्डला जोडलेल्या मुलींच्या कॉलेजातल्या मुली परीक्षा त्याच प्रोफेसरांच्या द्यायच्या आणि पुस्तक वाचायला दुसरीकडे जायचं. 1922 मध्ये लॉवेल नावाच्या अध्यक्षांना ज्यू विद्यार्थी फार झाले असं वाटलं, उघड कोटा जमला नाही तर अर्जात फोटो आणि 'चारित्र्य' आणलं. चार्ल्सकाठ, तुमचं ते स्वतःची जागा स्वतः भरणारं मंडळ तेव्हाही होतंच की. वचक नसला की चांगलं पण बिनधास्त करता येतं आणि वाईट पण.

आणि अजूनही माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना वेगळा हात असतोच. कोर्टातल्या केसमुळे आकडे बाहेर आले, गोऱ्या प्रवेशांपैकी 43 टक्के हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापकांची मुलं किंवा डीनच्या खास यादीतले, म्हणजे बहुधा देणगीदारांशी संबंध असलेले. आमच्या गावात याला वशिला म्हणतात, तिकडे पॉलिसी.

चार्ल्सकाठ:
वशिल्याचं मान्य, त्यावर मी वाद घालणार नाही, मला स्वतःला ते कधीच पटलेलं नाही. पण 2025 पासून दोन लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलाला शिक्षणाची फी माफ आहे हेही लिहा ना.

दीड_शहाणा:
सगळे अमेरिकेवर भांडताय. 2010 मध्ये टाटांकडून हार्वर्ड बिझनेस स्कूलला 5 कोटी डॉलर गेले, तिथे टाटा हॉल उभा आहे. महिंद्रांनी त्याच साली मानव्यविद्यांसाठी 1 कोटी डॉलर दिले. मुंबईतला पैसा चार्ल्स नदीकाठी आणि आमच्या डिपार्टमेंटला प्रिंटरची शाई मिळेना.

चार्ल्सकाठ:
अहो पण टाटांनी बंगळुरूची सायन्स इन्स्टिट्यूट पण दिली, मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था पण. दोन्हीकडे देता येतं.

माडाखालचा:
टीआयएफआरमध्ये दामोदर कोसंबी होते बरं का. असो.

पागोळी:
धागा भरकटला पण मजा आली. काका, एक मान्य, 1865 नंतर दार सरकारला बंद झालं ते बरंच झालं. पण ते दार ज्या लाकडाचं आहे ते तरीच्या पैशाचं आहे एवढंच मी म्हणतेय, आणि ठेवीच्या उत्पन्नावरचा कर 8 टक्क्यांपर्यंत नेला तर कुणी 'खाजगी मालमत्तेवर घाला' म्हणून ओरडू नये.

चार्ल्सकाठ:
ओरडणारच. तो कर नदीकाठच्या मासेवाल्याला परत जाणारे का? सैन्याकडे जाईल नाहीतर मेक्सिको सीमेवरच्या भिंतीकडे.

माडाखालचा:
कुणी विचारलं नाही तरी सांगतो, ते विसुद्धिमग्ग हार्वर्डने शेवटी 1950 मध्ये छापलं. वॉरन आणि कोसंबी, दोघांची नावं आहेत. लॅनमन 1941 मध्ये वारले, कोसंबी 1947 मध्ये. कोसंबींची स्वतःची देवनागरी आवृत्ती मात्र मुंबईत 1940 मध्येच निघाली होती.