मदत हवी आहे : चांगले मार्क पडूनही सर मुलीला टोचून बोलतात

नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीला आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. सहामाहीत गणिताच्या दोन्ही भागांत मिळून तिला ८० पैकी ७४ पडले. पेपर वाटताना सर वर्गासमोर म्हणाले, "हे पाठांतराचे मार्क आहेत, बोर्डात कळेल. अकरावी सायन्सला तर टिकणारच नाहीस."

घरी आली ती गप्पच. पेपर चार घड्या करून कंपासपेटीच्या तळाशी ठेवला होता, मला दाखवलाही नाही. रात्री दप्तर आवरताना सापडला. भूमितीतली सिद्धता तिनं स्वतःच्या रीतीनं सोडवली होती, पूर्ण गुण होते. पाठांतर कुठलं हो यात?

आता ती गणिताची वही उघडतच नाही. "सर म्हणतात तेच खरं असेल," एवढंच बोलते. हे ऐकून पोटात तुटतं.

शाळेत जाऊन बोलावं असं फार वाटतं. पण अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण त्याच सरांच्या हातात आहेत. राग धरला तर? तिचे बाबा म्हणतात, बोर्डाचा निकाल लागेपर्यंत दम धर. मला ते पटत नाही, फेब्रुवारी-मार्चपर्यंत पोरगी खचून जाईल.

कुणी अशा वेळी आधी वर्गशिक्षिकेशी बोललंय का, की थेट मुख्याध्यापकांना भेटलात? सुरुवात कशी केलीत? आणि मुलीला पुन्हा गणिताकडे कसं वळवू? शिक्षक असणाऱ्या ताई-दादांनीही जरूर सांगा.