ट्रीटमेंट केलेल्या लाकडाचे उरलेले तुकडे, शेकोटीत घालू का?

मांडवकर:
नमस्कार मंडळी. अंगणात वेलीसाठी मांडव आणि बसायला बाक केला, लाकूड प्रेशर ट्रीटेड (दाबाने औषध आत मुरवलेलं) घेतलं म्हणजे वाळवीची कटकट नको. काम मस्त झालं पण आता कोपऱ्यात वीतभर, हातभर लांबीचे पंचवीस-तीस तुकडे पडलेत, जुना बाक मोडला त्याच्या फळ्या आहेत (वीस-पंचवीस वर्षांच्या तरी असतील) आणि पोतंभर भुसा, तोही हिरवट. तुकडे थंडीत शेकोटीला आणि भुसा झाडांच्या बुडाशी असं ठरवलं होतं पण बायको म्हणाली आधी कुणाला तरी विचार. घरात दोन लहान मुलं आहेत. काय करू?

जुना रंधा:
वहिनींचं ऐकलंत ते फार बरं केलंत. शेकोटीत एक तुकडासुद्धा नको. तुमच्या जुन्या फळ्या बहुतेक सीसीए या औषधाच्या असणार, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. हे मिश्रण १९३३ साली सोंती कामेसन या भारतीय संशोधकाने शोधलं, नंतर जगभर वापरलं गेलं, आणि अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती कामासाठी बंद झालं ते त्यातल्या आर्सेनिकमुळेच. लाकूड जळतं हो, पण आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही, थोडं धुरातून जातं आणि बाकीचं राखेत साठतं. म्हणजे लाकडापेक्षा राख जास्त घातक, आणि तीच राख आपण झाडांना घालतो नाहीतर पोरं त्यात काडी घेऊन खेळत बसतात. १९८४ साली अमेरिकेतल्या एका कुटुंबाची केस छापून आली होती, घरातल्या शेगडीत असं लाकूड जाळायचे आणि थंडी आली की सगळं घर आजारी, केस गळायचे, अंगावर पुरळ. हे वाचल्यापासून मी शेकोटीत लाकूड घालायच्या आधी दरवेळी बघतो कुठलं आहे ते.

जिथे सीसीए बंद झालंय तिथल्या नवीन लाकडात आर्सेनिक सहसा नसतं, तांब्याची संयुगं असतात, पण तेही जाळायचं नाही.

सावली:
माझ्याकडच्या फळ्या उन्हापावसाने पार राखाडी झाल्यात, हिरवेपणा काही दिसत नाही, मग ओळखायचं कसं?

जुना रंधा:
कापलेलं टोक बघा. औषध बाहेरून आत दाबलेलं असतं त्यामुळे कडेला हिरवट-तपकिरी पट्टा आणि मधे फिकं लाकूड असं बरेचदा दिसतं. नुसतं बघायला म्हणून नव्याने कापत बसू नका. कळत नसेल तर ट्रीटेडच समजायचं. काळपट आणि डांबरासारखा वास येत असेल, रेल्वेच्या जुन्या स्लीपरसारखा, तर ते क्रिओसोटचं (डांबरापासून काढलेलं तेल मुरवलेलं), ते तर घरात आणूच नका.

भुसा आणि ढलप्या:
टाकायचं कसं ते सांगते. तुकडे आहेत तसेच ठेवा, बारीक करू नका, जितका भुसा कमी तितकं बरं. पावसात उघड्यावर नको, औषध झिरपून मातीत उतरतं, ताडपत्रीखाली ठेवा. भुसा झाडांना, खताच्या खड्ड्यात, कोंबड्यांच्या खुराड्यात कुठेही नाही, दुहेरी पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा. भरताना हातमोजे आणि एन-९५ मास्क, आणि झाडण्याआधी थोडं पाणी शिंपडा म्हणजे उडणार नाही. मग तुमच्या इथल्या कचरा विभागाला फोन करून "ट्रीटमेंट केलेलं लाकूड आहे" असं स्पष्ट सांगा, नुसतं लाकूड म्हणालात तर ते पालापाचोळ्यात टाकून चिप्स करतील. कुठे हे साध्या कचऱ्यात चालतं, कुठे वेगळं द्यावं लागतं, ते तेच सांगतील.

नवीन लांब तुकडे मात्र टाकू नका, कुंडीचं स्टँड, कुंपणाचे खुंट असं बाहेरचं काही करा. जेवणाशी संबंध येईल असं काहीच नको, पोळपाट, पाट, मधमाश्यांची पेटी वगैरे.

वाळवीवैरी:
एक गोष्ट राहिली आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुणी मागितलं म्हणून देऊन टाकू नका. मी दिलं होतं. जवळच बांधकाम चालू होतं, तिथली माणसं म्हणाली लाकूड द्या, मी खुशीने अर्धं पोतं दिलं. संध्याकाळी तिकडून गेलो तर तीन विटांच्या चुलीत माझाच तुकडा, मी पेन्सिलने मारलेली खूण दिसत होती त्याच्यावर, वर भात शिजत होता आणि शेजारी तान्हं बाळ झोपलेलं. त्यांना कसं कळणार, सुकं लाकूड दिसलं की माणूस चुलीतच घालणार. बोललो, उरलेले सगळे तुकडे परत आणले, दुसरं सरपण नेऊन दिलं. पण जे जळलं ते जळलं. कचऱ्याशेजारी ठेवलंत तरी असंच कुणीतरी उचलून नेणार.

मांडवकर:
वाळवीवैरी, वाचून पोटात कालवलं. आमच्याकडेही कालच एकजण सरपणाला मागून गेलाय, मी रविवारी ये म्हणालो होतो, आता त्याला नाही सांगून कारणही सांगतो. भुसा दोन पिशव्यांत बांधला. मार्कर घेऊन बसलोय, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना "विषारी, जाळू नका" लिहितोय, वाचता न येणाऱ्यासाठी ज्वाळा काढून तिच्यावर फुली पण मारतोय. सोमवारी कचरा विभागाला फोन करतो, ते काय म्हणाले ते इथे टाकतो.